अंगठी

नियम पहिला : हातात सोनं नको.
नुरझातनं अंगठी काढून मोज्यात खुपसली
आणि चात्कालच्या ओढ्यात उतरली,
गुडघाभर वितळल्या बर्फात.

धोंड्याच्या पाठीशी, जिथं पाणी दम खातं,
तिथला गाळ.
चाळणीखाली पिठासारखा पडेल तेवढाच घ्यायचा.
कागदी पिशवी. पेन्सिलीनं एकशे सतरा.

घोडी पाजायला आलेली उमसुनाई म्हणाली, चाळणी मी धरते.
तिची अंगठी निघेना. साबण लावला, थुंकी लावली.
चव्वेचाळीस वर्षं; बोटच तिच्याभोवती वाढलेलं.
मग पिशव्या मोजते, म्हणाली,
आणि लांब जाऊन बसली, हात काखेत दाबून,
चोरी पकडल्यासारखी.

सोनं दिसत नसतं, आजी.
अब्जात चार भाग, पाच भाग.
आधी आर्सेनिक बोलतं. त्याच्या मागं मागं
चढत राहायचं, दर संगमाशी थांबून विचारायचं,
तू, का तू?

आठ आठवड्यांनी कागद आला.
डावा ओढा मुका.
उजव्यात आकडे चढत गेलेले
थेट कुरणापर्यंत, घोडी पितात तिथवर.

नुरझात सांगायला गेली. शब्द जुळवत उभी राहिली.
उमसुनाईनंच विचारलं,
माझ्या अंगठीनं काही बिघडलं नाही ना गं?