चढाचा हिशेब

डुलूथमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री
भुतंसुद्धा स्वेटर घालून निघतात.
राजसीचे वटवाघळाचे पंख
फुगीर जॅकेटवर बसता बसेनात,
शेवटी चार सेफ्टीपिना आणि माझी एक शिवी.

"आधी जेव," तिची आई म्हणाली,
"भरल्या पोटी भीक माग."
वटवाघळानं उभ्याउभ्या
दीड थालीपीठ संपवलं
आणि लोण्याची मिशी तशीच ठेवून रस्त्याला लागलं.

आमची गल्ली तळ्यापासून निघते
आणि सरळ आभाळात चढते.
तळं आपलं म्हणायचं,
पलीकडचा काठ आमच्या खिडकीतून
अजून कुणी पाहिलेला नाही.
दारोदार कॅरॅमल, कॅरॅमल, चॉकलेट, कॅरॅमल,
एका डेंटिस्टकडे टूथब्रश,
तो तिनं अदबीनं परत केला.
पिशवी जड, माझे गुडघे जड,
तिचे पाय मात्र पुढच्या दिव्याकडे.

सगळ्यात वर मिसेस लिंडक्विस्ट.
त्यांच्या दारात गोड काही नसतं.
नवरा खनिजाच्या बोटीवर होता,
त्या बोटीची पितळी घंटा ओसरीत टांगलीय.
प्रत्येक पोराला तीन टोल.
जोरात हाणायचे, एवढीच अट.
आणि रांग तिथंच सगळ्यात लांब!
चेटकिणी, डायनोसॉर, एक चालता फ्रीज,
थंडीनं पाय आपटतायत, पण हलत नाहीत.
राजसीनं तिसरा टोल असा दिला
की खाली बंदरातला दिवा दचकला असावा.

घरी गोधडीवर दुकान मांडलं.
"आज पाच. मग रोज एक, जेवणानंतर.
दाताला चिकटणारी ऑफिसात पाठवायची.
म्हणजे तुझ्या ऑफिसात, बाबा."
उरलेली दिवाळीच्या चकल्यांच्या डब्यात,
त्यांनी आपसांत मिळवून घ्यावं.
वर तिचाच कायदा:
जास्तीचं एक खाल्लं तर गल्लीचा एक चढ.

साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात.
मला डॉक्टरीणबाईंनी दिलाय
एक आकडा, आणि तीन महिन्यांची मुदत.
तरी ती दात घासायला गेली
आणि माझा हात गोधडीवर गेला.
शेंगदाण्याचं होतं.
शेंगदाणे पौष्टिक असतात.

तोंडात फेस घेऊनच ती आली, मोजायला बसली.
"त्रेपन्न होती."
मी छताकडे पाहिलं.
"बाबा. चढ."

साडेनऊला बूट चढवले.
बर्फ भुरभुरायला लागलेलं.
मागे खिडकीत एक वटवाघूळ,
झोपायचे कपडे, त्यावर पंख,
काचेला नाक लावून माझ्यावर पहारा.

वर पोचलो तेव्हा धाप लागली होती.
मिसेस लिंडक्विस्ट भोपळ्यातल्या मेणबत्त्या विझवत होत्या.
त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं,
विचारलं काहीच नाही,
फक्त घंटेची दोरी
माझ्या हातात दिली.