खरं

खडे बाजारात जिन्याखाली माझं डीटीपीचं दुकान.
पक्षाचं पत्रक एकच,
जोडलेले हात दोन्ही बाजूंना तेच.
मराठीकडं: सीमाभागाच्या भावनांशी आम्ही बांधील.
कन्नडकडं: राज्याची एक इंच जमीन सोडणार नाही.

प्रूफ न्यायला भैरू पाखरे आले.
विचारलं, पक्षाला नेमकं म्हणायचंय काय?
म्हणाले, तू वेलांट्या बघ.

कंग्राळीच्या नागूमावशीनं पत्रक उलटंपालटं केलं.
मागची बाजू कोरी ठेवायची रे,
दुधाचा हिशेब तरी लिहिला असता.

सभेत उमेदवार मराठीत बोलला,
‘आम्ही तुमच्यासोबतच हाय,
खरं...’
आणि माईक कुंई करून गेला.

आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’.
शेजारी पुण्याचा जावई बसलेला,
त्याला वाटलं, शपथ घेतली.
टाळ्या त्यानंच आधी वाजवल्या,
मागनं आम्हीपण.

माईक आला तेव्हा
उमेदवार गटारीवर बोलत होता.

रात्री पाखऱ्यांचा फोन.
आणखी पाच हजार काढ,
खरं कागद जाड घे,
ह्या बाजूचं
त्या बाजूला दिसायलंय.