काठ

डोमाजी बारापात्रे, वय एकाहत्तर.
गोळीबार चौकामागे हातमाग, आता बंद.
केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलंय ते लांबलचक.
ते स्वतः सांगतात ते एवढंच :
“पोरी, लुगड्याचा काठ दिसते मले.
मधातलं अंग दिसत नाही.
तुह्या कानातलं दिसते. तोंड नाही.”

पौषात त्यांच्या दंडावरून घेतली
मुगाच्या डाळीएवढी कातडी.
तिला आम्ही सगळं विसरायला लावलं :
ऊन, माग, देवीच्या लसीचा वण,
आपण कातडी आहोत हेसुद्धा.
मग शिकवलं
डोळ्याच्या पडद्यामागची पेशी व्हायला.

शिकवलं म्हणजे काय,
रोज त्यांचं पाणी बदललं. रविवारीही.
मे महिन्यात बाहेर सेहेचाळीस, पेटीत सदतीस.
धंतोलीची लाईट गेली की
जनरेटर घरघरेपर्यंत
मी पेटीच्या दाराला पाठ लावून उभी,
जसं काही पाठीनं ऊन अडतं.

पहिली थाळी बुरशीनं गेली.
त्याच आठवड्यात ते तपासणीला आले.
“कसे आहेत माहे डोये?”
मी म्हटलं, वाढताहेत.

दुसरीत त्या दाटीवाटीनं बसल्या,
सहाकोनी, कडेला कड लावून,
आणि भादव्याच्या तोंडावर एका सकाळी
काळ्या पडू लागल्या.
मी सरांकडे धावले.
ते म्हणाले, काळं यायलाच हवं.
पडद्यामागे उजेड पिणारं कुणी नसेल
तर उजेडाचा नुसता गलका होतो.

त्या दिवशी मारबत. अर्धी लॅब महालात.
आणि डोमाजी मात्र उलटे गर्दीतून इकडे,
नातवाच्या खांद्यावर हात, टोपीवर गुलाल.
“काळी पाह्यली, कडेकडेनं.
म्हटलं, इडा पिडा ने बाई,
पण काळं थोडं ठेव,
या पोरीले लागते म्हणे.”

नियमात बसत नव्हतं.
तरी बसवलं त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी.
कोंबडी दाण्याकडे बघते
तशी मान तिरपी करून
ते बघत राहिले. कितीतरी वेळ.
बोटं मांडीवर चालत होती,
धोटा फेकल्यासारखी.

“वीण बसली,” म्हणाले.
मग हळूच,
नातवाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात :
“हे मले पाहून राह्यले काय?”

अजून नाही, मी म्हटलं,
आणि दिवा मालवला.
फार उजेड सोसत नाही त्यांना.