डावा कान

दर वेळी डावाच मरतो.
उजवा नंतर महिनाभर
एकटाच बोलत बसतो.

ड्रॉवरमध्ये पाच जोड साठलेत,
चार दीडशेचे, एक दोनशे वीसचा
(तो तर सगळ्यांत आधी गेला).
बेरीज मी मुद्दाम करत नव्हते.
काल केली. आठशे वीस.
आई काही बोलली नाही,
माझ्याकडे बघत नुसती भाजी परतत राहिली.

मी ऐकून टाइप करते. मिनिटाला सात रुपये.
कुणाच्या तरी प्रबंधासाठी कुणाच्या तरी मुलाखती.
सध्या तांबट आळीतले मोरेश्वर वडके,
वय एक्क्याऐंशी, घागरी ठोकून ठोकून
स्वतःच एका कानाने गेलेले.
माईक दोन. विचारणारा डावीकडे, वडके उजवीकडे.
म्हणजे पंधरा दिवस मला
फक्त उत्तरं येतायत.
प्रश्नांच्या जागी मी कंसात लिहिते: अस्पष्ट.

पाचशेच्या आत, असं ठरवून निघाले.
गाडी मंडईत, मी तपकीर गल्लीत.
पहिल्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"बेस ऐका ताई, छाती हादरते."
माझी छाती आहे तशी बरी आहे.
मला दात नसलेल्या माणसाचा
'स' आणि 'श' वेगवेगळा ऐकायचाय.
दुसरा म्हणाला, "बिनतारी घ्या.
तारच नाही, तर तुटणार काय?"
"हरवतील," म्हटलं. मी ओळखते मला.

तिसरं दुकान नव्हतंच.
जिन्याखाली टेबल, डाखाचा धूर,
एका डोळ्याला भिंग लावलेले शकूरभाई.
पिशवीतले पाचही त्यांच्यापुढे ओतले.
त्यांनी एकेकाचा गळा चाचपला,
वैद्य नाडी बघतो तसा, पण उशिरा आलेला वैद्य.
"कान कुणाचाच मेला नाही," म्हणाले.
"पिनेशी मान मोडलीय. याची, याची, याचीपण.
गुंडाळता कशावर?"
"फोनवर. घट्ट."
"मग खून घरातच झालाय."

आवाज कुणीही विकतो, म्हणाले,
तुम्ही वाकणं बघून घ्या.
पीन काटकोनात हवी.
मानेवरचं रबर नखानं दाबा, परत वर आलं पाहिजे.
एका तारेच्या दोन होतात तिथली गाठ जाड हवी.
कापडी वेष्टण दिसायला छान, घामानं कुजतं.
आणि बिल मागा, लाजू नका.
वर्षाची हमी बिलाला असते, वायरीला नसते.

समोरच्या दुकानात मिळाला तसा एक.
चारशे ऐंशी. रंग शिळ्या पिठल्याचा.
दुकानदारानं बिल असं फाडून दिलं
जसं माझ्या लग्नाला आहेर देतोय.
उरलेल्या विसातले दहा पार्किंगला गेले.

रात्री वडके पुन्हा लावले.
पान अकरा. मी टाइप केलेलं होतं:
(अस्पष्ट)
"आठवते ना. गळ्याशी जरा चेपली होती.
आईनं तरी तीच वापरली, शेवटपर्यंत.
म्हणायची, पाणी हिच्यातलंच गोड."
आता डावीकडून एक कोवळा आवाज आला,
सर्दी झालेला, कागद चाळणारा:
"काका, पहिला पगार आठवतो?"

पगार.
म्हाताऱ्यानं घागर ऐकलं होतं.

मी मागे नेऊन तीनदा ऐकलं.
उत्तर संपतं. डावीकडे कागद वाजायचा थांबतो.
मुलगा श्वास घेतो, अडकलेल्या नाकानं.
वाटतं, आता मोठ्यांदा विचारेल परत,
यादीत पुढे चौदा प्रश्न असतील त्याच्या.
तो म्हणतो, "मग?"

कंस खोडला. प्रश्न लिहिला, होता तसा.
पगार किती, ते शेवटपर्यंत आलंच नाही.
वायर दोन बोटांवर सैल गुंडाळली,
सवय नाही, दोनदा सुटली.