लागन कवातरी

गाडी घेतली ब्रह्मपुरीच्या ठेकेदाराकडून.
कंपनीने कधीच बंद केलेलं मॉडेल,
उंच, सडपातळ, पुढचं मडगार्ड चोचीसारखं वर.
गावात शिरलो तर पोरं ओरडली, करकोचा आला!
नाव पडलं ते पडलंच.

करकोच्याच्या पाठीवर जागा नव्हती
भाकरीचा एक डबा ठेवायचीही.
आणि माझं सामान म्हणजे नायट्रोजनचा कॅन,
उणे एकशे शहाण्णव अंश,
आत गिर नि साहिवालच्या बारीक कांड्या,
बावीस गावांच्या गोठ्यांचं पुढचं साल.
तो आडवा झालेला चालत नाही.

कुरखेड्याच्या नाक्यावर इस्तारी नैताम
गाडीभोवती दोन चकरा मारून उकिडवा बसला.
टेप होता, पण पोराच्या दप्तरात.
विचारलं, "तुह्या गावांत सगळ्यात अरुंद फाटक कोनाचं?"
बेहडाटोल्याच्या रैनी पोटावीचं, मी म्हणालो,
बांबूचं, साडेतीन वीत.
त्याने आपली वीत माझ्या वितीला लावून पाहिली,
आणि खडूने जमिनीवर गाडीची रुंदी आखली.

शाळेने लिलावात काढलेल्या बाकाचा अँगल.
अजून वाचता येतं त्यावर: वर्ग ४ था, ब.
डाव्या बगलेला तेलाचा पिपा, अर्ध्या सूर्यफुलाचा,
उजवीकडे कॅनसाठी कडं, आतून गोणपाट.
टेबलफॅनची जाळी दिव्यापुढे,
निळ्या ड्रमचे दोन तुकडे हातांपुढे, काट्यांसाठी.
स्टँड चिखलात रुतायचा,
त्याच्या पायाला वखराच्या पाशीचा तुकडा.

पहिल्याच दिवशी घाटात
पापड तळल्याचा वास सुटला.
सायलेन्सर वर घेतला होता, नाल्यासाठी,
आणि पिप्याच्या तळाशी तेल उरलं होतं.
इस्तारीने मध्ये पत्रा टाकला, बोटभर पोकळी ठेवून.
"पत्रा नाही वाचवत," म्हणाला, "हवाच वाचवते गा."

कॅन रोज थोडा थोडा उडून जातो.
हलका होतो, करकोचा डावीकडे झुकतो.
मग उजव्या पिशवीत सती नदीचा एक गोटा.
शनिवारी दोन.
येताना डावा पिपा माझा राहत नाही:
टोळी, चारोळी, कुणाच्या पोरीचं पार्सल,
एकदा एक कोंबडी,
जिने नाक्यावर पोचेपर्यंत अंडं दिलं
आणि ते कुणाचं यावर दोन घरं आठवडाभर बोलली नाहीत.

सगळं झालं, रंगसुद्धा लागला,
तेव्हा मला दिसला तो पाइप.
मागच्या बाजूला, उभा, हातभर लांब,
खालून बंद, वरून उघडा. काही नाही त्यात.
"हा कायले गा?"
"राहू दे. लागन कवातरी."

तीन वर्षं त्यात पावसाचं पाणी साचलं,
एकदा कुंभारणीने घर केलं.
खाली भोक पाडून घेतलं मी, शिव्या देत.

पौषात रैनीबाईला बँकेत जायचं होतं.
अंगठा उठत नव्हता यंत्रावर, पैसे अडकले होते.
डोळ्यांनी आता फक्त उजेड कळतो.
बसली एका बाजूने, एका हाताने मला धरलं,
दुसऱ्यात काठी.
काठी सोडेना. ती आडवी धरली
तर फाटकातून निघणार कसं?

मी तिच्या हातातून अलगद घेतली, पाइपात सोडली.
खट्ट.
वर राहिली नेमकी तेवढी,
की तिचा हात मागे नेला तर मूठ सापडावी.
रस्ताभर तिने ती दर वळणाला चाचपली.
फाटकातून निघताना दोन्ही बाजूंना बोट बोट जागा.

संध्याकाळी इस्तारीला सांगितलं सगळं.
काळ्या काचेमागून त्याने मान वर केली नाही.
"आत हलते काय?"
थोडी हलते, म्हणालो.
"मंग थांब जरा."
आणि जुन्या ट्यूबचं एक कडं कापायला
कात्री शोधू लागला.