रकाना नऊ

सतराशे बारा फायली.
एकेक फाईल एकेका पोराच्या वजनाची,
आणि माझ्या टेबलाचा एक पाय आखूड.

जानेवारीत सॅगिनॉची नदी गोठते.
बीटसाखरेच्या कारखान्याचा गोडूस, मातकट वास
खिडकीच्या फटीतून येऊन कागदांवर बसतो.
अर्विन म्हणतो, मॅव्हिस, आकडे बोलतात.
बोलतात की. विचारलं तेवढंच.
वर्गातल्या हुशार पोरासारखे नव्हेत,
पोलिसासमोर बसवलेल्या पोरासारखे.

आमचा प्रश्न सरळ होता :
कोठडीऐवजी संध्याकाळचा वर्ग दिला,
सुतारकाम, गणित, वाडगाभर गरम सूप,
तर पोरगं पुन्हा कोर्टाच्या पायरीवर दिसतं का?
उत्तर तिरकं आलं.
नदीच्या अलीकडे वर्ग लागू पडला,
पलीकडे नाही.
वर्ग तोच. शिकवणारी लुएला तीच.
सूपसुद्धा तेच, वाटाण्याचं.

पलीकडच्या पोरांपुढे ओळीनं एकच आकडा.
नऊ म्हणजे 'गैरहजर, कारण नोंदवलेले नाही'.
तीन नऊ झाले की न्यायाधीशांना पत्र,
पत्र गेलं की कोठडी.
बाकी सगळं आम्ही इमानेइतबारे लिहिलेलं :
उंची, व्रण, बाप घरी आहे की नाही,
डोळ्यांचा रंगसुद्धा.

थिओडिस प्रुइट, वय पंधरा.
चोरलेली सायकल, तीही मुलीची, गुलाबी.
नऊ. नऊ. नऊ.
तिसऱ्याखाली प्रोबेशन अधिकाऱ्याची सही.
त्या सहीतला लांबलचक टी
मी अजून तसाच काढते.

परवा त्याला शोधून काढलं.
टायरच्या दुकानात असतो, चौतिशीचा, कानाशी पांढरे केस.
चाक फिरवता फिरवताच म्हणाला,
शेवटची बस पाच चाळीसला जायची, बाई.
वर्ग सुटायचा सहाला.
पुलावर फूटपाथ नव्हता, बर्फ होतं.
पहिले चार दिवस आलो चालत.

विचारलं असतं तर सांगितलं असतंस?
तो थांबला. नट हातातच राहिला.
बहुतेक नाही, म्हणाला.
मग बराच वेळ हवा भरायच्या मशीनचाच आवाज.
निघताना त्यानं माझ्या मागच्या टायरला लाथ मारून पाहिली,
हा बदला, म्हणाला, झिजलाय.
पैसे विचारले तर मान हलवली, घेतले मात्र पूर्ण.

अहवाल एकशे चाळीस पानांचा झाला.
तक्ते आहेत, आलेख आहेत,
तळटिपांत मी माझी सही कबूल केली आहे;
अर्विन म्हणतो, शास्त्रात असं लिहीत नसतात.
समितीच्या बाई चष्मा काढून म्हणाल्या,
तीन वर्षांचं अनुदान, आणि शिफारस काय, तर एक बस?
सहा वाजून दहा मिनिटांनी, मी म्हटलं. रविवार सोडून.
कुणीतरी हसलं. कॉफी आली.
ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

बस अजून आलेली नाही.
तेवढ्यात मी नवा फॉर्म छापून घेतला.
त्यात नऊ नाही.
नऊच्या जागी चार ओळींची मोकळी जागा,
आणि पेन्सिल पोराच्या हातात.
पहिल्या आठवड्यात तिघांनी ती कोरी ठेवली,
एकानं घोडा काढला, बरा काढला,
आणि पलीकडच्या एका पोरीनं
बारीक अक्षरात, खोडून पुन्हा लिहिलं :
बुटांची जोडी एकच.
ओली होती.