पोटमाळा, रबाळे एमआयडीसी

खाली माझा गास्केटचा गाळा. वर पोटमाळा,
तो रात्रीपुरता दोघांना दिलाय.
अडीच हजार, लाइटबिल वेगळं.
गोठिवलीची दर्पणा भोईर, आणि ग्लॅडविन,
जो ठाण्याच्या चर्चमध्ये बेस शिकला
आणि अजून डोळे मिटूनच वाजवतो.

तिच्याकडे दोन डबे, वायरींचा गुंता,
आणि मोबाइलवर टिपलेली, हळदीत धवला म्हणणारी मावशी.

बाहेरचा ट्रान्सफॉर्मर सतत गुणगुणतो,
प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये घुसायचा.
गाद्या लावल्या, अंड्यांचे ट्रे ठोकले, मला शिव्या घातल्या.
शेवटी ग्लॅडविन म्हणाला, राहू दे, हाच आपला सा.
खुंटी जरा उतरवली,
आणि मावशीचा आवाज त्या सा-वर येऊन बसला
खाडीतल्या रिकाम्या होडीवर बगळा बसावा तसा.

मला गाण्यातलं कळत नाही.
प्रेसचा ठोका कळतो: मिनिटाला बावीस,
चुकला की बोट जातं.
हे दोघं मुद्दाम चुकवतात.
येणार, येणार म्हणून मान पुढे जाते
आणि ठोका केसभर उशिरा येतो, हसत.
परवा माझं डावं बोट, अर्धंच उरलेलं,
टेबलावर आपोआप हलायला लागलं.

शुक्रवारी लाइट नसते.
दोघं जिन्यात बसून होते, सा हरवलेले.
शटर ओढता ओढता मी नुसतं
हूं
केलं.
ग्लॅडविननं डोळे मिटले, खुंटीकडे हात नेला.

मार्चचं भाडं अजून बाकी आहे.